आमची वाटचाल : धुराला बाहेरची वाट

मार्च ते मे या दिवसांत कोल्हापुरात घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो. सुकं खोबरं, तीळ, धने भाजून होतात आणि संकेश्वरी मिरची तेलात परतायला घेतली की ठसका शेजारच्या घरापर्यंत जातो. स्वयंपाकघरात चिमणी बसवायचा आमचा व्यवसाय या ठसक्यामुळेच वाढला.

मी मूळचा वायरमन. एक्झॉस्ट पंखे बसवणं, वायरिंग करणं ही आमची सुरुवातीची कामं. पुढं शहरात फ्लॅट वाढले, ओट्याखाली ट्रॉल्या आल्या आणि ओट्यावर चिमण्या. विकणारे वेगळे, बसवणारे वेगळे, भिंत फोडणारा गवंडी तिसराच. मशीन नीट ओढत नाही म्हणून आम्हाला दुरुस्तीला बोलवायचे, तर उघडून बघावं तेव्हा मोटर ठणठणीत. सहा इंची तोंडाच्या मशीनला कुणीतरी चार इंची पाइप जोडलेला असायचा. नाहीतर छताखालून तीन-चार वळणं घेत पाइप ड्राय बाल्कनीत नेऊन सोडलेला आणि तिथं वाळत घातलेल्या कपड्यांना फोडणीचा वास.

चार इंची पाइपचं तोंड सहा इंचीच्या निम्म्याहूनही लहान असतं. त्यातून हवा ढकलताना मोटर ओरडते आणि धूर ओट्यावरच रेंगाळतो. प्रत्येक काटकोनी वळण ओढ कमी करतं. घडीचा ॲल्युमिनियम पाइप पूर्ण ताणून न लावता तसाच कोंबला तर घड्यांत तेल साठतं, आणि गॅसच्या वर तेलानं माखलेला पाइप म्हणजे आगीला आमंत्रण. मशीन कितीही भारी घ्या, वाट चुकीची असेल तर पैसे वाया जातात. म्हणून चिमण्या विकण्याआधी आम्ही भिंतीचं काम हातात घ्यायचं ठरवलं.

त्यासाठी कर्ज काढून कोअर कटिंग मशीन, म्हणजे भिंतीत गोल भोक कापणारं यंत्र, आणलं. धंद्याला खरी कलाटणी मिळाली ती त्यानं. छिन्नी-हातोड्यानं आतून भोक पाडलं की बाहेरचा गिलावा थाळीएवढा उडतो, आतल्या टाइल्सना तडे जातात आणि जुलैत त्याच फटीतून ओल उतरते. हिऱ्याच्या दातांचं बिट पाणी सोडत फिरवलं की भोक गोल आणि साफ मिळतं. आधी बारीक ड्रिलनं आरपार छिद्र पाडून बाहेर कुठं निघतंय ते बघतो. जागा शक्यतो लिंटेलच्या, म्हणजे खिडकी-दारावरच्या आडव्या पट्टीच्या वर आणि बीमच्या खाली. बीम किंवा कॉलमला आमचं बिट लागत नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी. नव्या टॉवरमधल्या भिंती काँक्रीटच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी आल्याशिवाय मशीन गाडीतून उतरवत नाही.

भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार देतो, आत पीव्हीसीची स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला नळी, बसवतो आणि कडा सीलंटनं भरतो. बाहेर खाली तोंड असलेलं झाकण आणि हवेनं उघडणारी, बंद होणारी पट्टी. बारीक जाळी लावा म्हणणारे बरेच असतात, पण जाळीवर तेलाचा थर धरतो आणि वाट बुजते. पट्टी असली की पाऊसही थोपतो आणि साळुंक्याही घरटं करत नाहीत.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचं काम वेगळंच. दगड-मातीची जाडजूड भिंत, दगड कुठं लागेल याचा नेम नाही, बिटाला जोड लावूनही हळूहळूच जावं लागतं. अशा घरात छतातलं जुनं धुराडं शाबूत असेल तर आम्ही आधी त्याचाच उपयोग होतो का ते तपासतो. चुलीच्या काळातल्या माणसांना धूर वर जातो हे चांगलंच ठाऊक होतं.

एका गोष्टीवर मी प्रत्येक घरात थांबून बोलतो. चिमणीच्या खोक्यावर तासाला १००० घनमीटर लिहिलेलं असतं. दहा बाय आठ फुटांच्या स्वयंपाकघरात जेमतेम २३ घनमीटर हवा मावते. म्हणजे खोक्यावरच्या आकड्यानं ती तासात चाळीसहून अधिक वेळा बदलायला हवी. तेवढी हवा कुठून तरी आत यायला पाहिजे. खिडक्या बंद असतील तर चिमणी दाराच्या फटीतून ओढते, आणि शेजारच्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असेल तर त्याचा जळलेला वायूही घरात खेचला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. म्हणून चिमणी चालू करायच्या आधी खिडकी उघडी हवीच, आणि गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढायचं काम आम्ही आधी सुचवतो.

घर बघायला पहिल्यांदा माझी पत्नी जाते. रोज भाकरी होते का, मटण किती वेळा, शेगड्या किती, उभं राहणाऱ्या बाईची उंची किती, हे ती विचारते आणि वहीत लिहिते. त्यावरून चिमणी ६० सेंटीमीटर रुंदीची घ्यायची की ९० ची हे ठरतं. शेगडीपासून मशीन ६५ ते ७५ सेंटीमीटर वर लागतं. त्यातलं नेमकं किती, ते त्या बाईला ओट्याशी उभं करूनच ठरतं. फिल्टर पट्ट्यांचा, म्हणजे बॅफल. आपल्या तळणीच्या तेलापुढं बारीक जाळीचा फिल्टर लवकर तुंबतो. पाइपाशिवाय चालणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी आम्ही ठेवतच नाही. ती वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता पुन्हा बाईच्याच तोंडावर सोडते.

आज आमच्याकडं हाताखाली तयार झालेली मुलं आहेत आणि भोक, पाइप, झाकण यांचे पैसे बिलात वेगळे लिहिलेले असतात. काही आर्किटेक्ट आता बांधकाम चालू असतानाच बोलावतात. टाइल्स लागायच्या आधी स्लीव्ह बसवून ठेवली तर खर्च कमी येतो आणि पाइप सरळ जातो. घर बांधायला काढलं असेल तर ओट्याची जागा खडूनं आखली की त्याच आठवड्यात आम्हाला बोलवा.