सीएसआय: आधी पत्रा, मग इंजिन

म्यूनिक, शनिवार, रात्री

लिलाव उद्या संध्याकाळी बंद होईल. आजची सगळी दुपार आम्ही तिघांनी मित्राच्या घरी त्या एकाच गाडीची छायाचित्रे मोठी करून पाहण्यात घालवली. गाडी १९७३ सालची बीएमडब्ल्यू ३.० सीएसआय आहे. रंग मेटॅलिक निळा, गिअर हाताने टाकायचे. ती घ्यायची आहे मित्राला. मी केवळ हौशी सल्लागार, आणि तिसरे होते शेजारचे एक जर्मन गृहस्थ, ज्यांनी आयुष्यभर मोटारींचे पत्रेकाम केले आणि जे निवृत्तीनंतरही कोणतीही गाडी दिसली की आधी वाकून तिच्या खाली पाहतात.

मित्राचे सगळे लक्ष इंजिनाकडे होते. एका रांगेतले सहा सिलिंडर, २९८५ सीसी, बॉशची डी-जेट्रॉनिक इंधनफवारणी आणि २०० अश्वशक्ती; त्याच काळातल्या साध्या सीएसमध्ये दोन कार्बुरेटर असत आणि ताकद १८० अश्वशक्तीची. विक्रेत्यानेही वर्णनाचा मोठा भाग याच इंजिनावर खर्च केला आहे आणि सकाळी गार इंजिन सुरू करतानाची चित्रफीतही दिली आहे. धूर निळा नाही, आवाज एकसारखा आहे, हे मान्य. परंतु माझ्या मते या गाडीत इंजिन ही सर्वांत कमी चिंतेची बाब आहे. हेच इंजिन थोड्याफार फरकाने बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांत पुढेही अनेक वर्षे बसत राहिले, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते उघडून बसवू शकणारे मेकॅनिकही अजून सापडतात. एकदा फार तापले असेल तर सिलिंडर-हेडला तडा गेलेला असू शकतो, आणि फवारणीच्या जुन्या वायरिंगचे आवरण कडक होऊन तुटते, एवढ्या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. दोन्हींचा खर्च आधी काढता येतो.

पत्र्याचा खर्च मात्र आधी काढता येत नाही, आणि या कूपेचे, म्हणजे दोन दारांच्या या गाडीचे, खरे दुखणे तेच आहे. १९६८ ते १९७५ या काळात निघालेल्या या कूपेंच्या बॉडी कारमान कंपनीने राइने नावाच्या गावातल्या कारखान्यात बांधल्या. बांधणी देखणी, पण गंजापासून संरक्षण जवळजवळ नव्हतेच. पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाशी चिखल साचतो आणि तिथून ओल दरवाजाच्या खांबाच्या बुडाशी उतरते; शॉक-अब्सॉर्बर जिथे बॉडीला धरलेले असतात ती जागा, फरशी, डिकीतला स्टेपनीचा खळगा, सगळीकडे हीच कथा. त्यातच या गाडीला मधला खांब नाही. चारही काचा खाली केल्या की बाजू सलग उघडी होते, आणि तिच्या सौंदर्याचे अर्धे श्रेय या मोकळ्या बाजूला आहे. पण त्यामुळे गाडीचा ताठपणा बराचसा दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांवर अवलंबून राहतो. त्या पट्ट्या आतून कुजल्या तर गाडी मधोमध दबते.

शेजारच्यांनी म्हणूनच इंजिनाचे एकही छायाचित्र पाहिले नाही. त्यांनी बाजूने घेतलेले चित्र पडदाभर मोठे केले आणि दरवाजाच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बोटाने दाखवली. खाली फट रुंद आहे आणि वर ती बारीक होत जाते, म्हणजे गाडी मधोमध दबल्याची खूण. बिजागरी झिजल्यानेही असे होऊ शकते, हे त्यांनीच सांगितले. पण दोन्ही बाजूंना सारखेच दिसत असल्यामुळे त्यांना बिजागरीचा संशय कमी वाटतो.

त्यानंतर आम्ही छायाचित्रे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. शंभराहून अधिक छायाचित्रांत डॅशबोर्डचे लाकूड, आसने आणि स्टिअरिंग प्रत्येक कोनातून आहे, तर गाडीखालची अवघी दोन आहेत आणि दोन्हींत गिअरबॉक्सच दिसतो. रंगाच्या जाडीची मोजमापेही दिली आहेत, पण ती बॉनेट, छत आणि दरवाजांच्या वरच्या भागाची. जिथे पुट्टी भरलेली असण्याची शक्यता सर्वाधिक, त्या मडगार्डच्या खालच्या कडेचा एकही आकडा नाही. तळाला नुकताच काळाकुळकुळीत लेप दिलेला आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा असे मी म्हणालो, तेव्हा मित्र रागावला. शेजाऱ्यांना अर्थ सांगितल्यावर ते मात्र खूश झाले.

बाजूंवर सीएसएलसारखे, म्हणजे याच कूपेच्या हलक्या आवृत्तीसारखे, काळे पट्टे लावले आहेत. विक्रेत्याने ही सीएसएल नाही असे प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्यामुळे तक्रार नाही. मूळ सीएसएलचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे, म्हणजे तिथे लोहचुंबक चिकटत नाही. तिचे प्रसिद्ध मोठे पंख जर्मन रस्त्यावर लावायला परवानगी नव्हती, म्हणून ते डिकीत ठेवून गाडी ग्राहकाच्या हाती दिली जात असे. नियम पाळण्याची ही तऱ्हा मला आजही फार आवडते. पण काळ्या पट्ट्यांसाठी एक युरोही जास्त देऊ नये.

कागदपत्रांत ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ नंबरप्लेट आहे, म्हणजे गाडी मूळ स्वरूपाला धरून आहे असे तपासनिसाने कधीतरी मान्य केले आहे. पोकळ पट्टीच्या आत काय आहे, हे त्यावरून कळत नाही.

शेवटी आम्ही विक्रेत्याला लिहिले. दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्यांच्या आत छोटा कॅमेरा घालून घेतलेली चित्रे, स्टेपनी बाहेर काढून डिकीच्या तळाचे चित्र आणि मडगार्डच्या कडेची मोजमापे मागितली, आणि शक्य असल्यास उद्या सकाळी स्वतः येऊन पाहू देण्याची विनंती केली. रात्री उत्तर आले. डिकीचे चित्र पाठवले आहे आणि ते चांगले आहे. वेल्डिंग जुने, नीटनेटके, लपवलेले नाही. पट्ट्यांविषयी मात्र ‘माझ्या माहितीप्रमाणे ठीक’ एवढेच लिहिले आहे, आणि भेटीसाठी वेळ नाही.

मित्राने दोन्ही पट्ट्या व पुढची मडगार्डे बदलावी लागतील असे धरून आणि लिलावाचे कमिशन वजा करून आपली कमाल बोली कागदावर लिहिली. सध्याची बोली त्या आकड्याच्या थोडीच खाली आहे, आणि शेवटच्या तासात ती त्याच्या वर जाणार हे आम्हा तिघांनाही दिसते आहे. तो आकडा वाढवायचा नाही, असे त्याने शेजाऱ्यांसमोर कबूल केले आहे. माझ्यासमोर केले असते तर मी फारसा विश्वास ठेवला नसता.