लाल कार्डापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यक म्हणून काम करतो. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, आम्ही गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावाला सलग दोनदा लाल कार्ड मिळाले. दोन्ही वेळा मी ते सरपंचांच्या हाती दिले, पोच घेतली आणि काम झाले असे मानले. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गावात जुलाबाचे रुग्ण वाढले आणि नुसती पोच घेऊन थांबलो याची मला मनापासून खंत वाटली.

सर्वेक्षणाचा अर्ज पुन्हा काढून पाहिला, तेव्हा दिसले की त्यातली जवळजवळ एकही त्रुटी दूर करणे आरोग्य विभागाच्या हातात नव्हते. विहिरीचा कठडा फुटला होता आणि गटारातून जाणारी जलवाहिनी गळत होती. ही दुरुस्ती पाणीपुरवठा विभागाच्या तांत्रिक सल्ल्याने ग्रामपंचायतीने करायची होती. पाणी निर्जंतुक करण्याची क्लोरिनयुक्त टीसीएल पावडर संपली होती आणि ती पाण्यात टाकणाऱ्या जलसुरक्षकाचे मानधन थकले होते, म्हणजे प्रश्न ग्रामनिधीचा होता. आम्ही नमुने घेत होतो, पण ते तपासायची प्रयोगशाळा भूजल सर्वेक्षण यंत्रणेची होती, आणि तिचे अहवाल ग्रामसेवकांच्या फायलीत जाऊन बसत होते.

म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने मी पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांना भेटलो आणि संयुक्त पाहणी ठरवून घेतली. शाखा अभियंता, ग्रामसेवक, जलसुरक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशाताई असे सगळे एकाच दिवशी गावातून फिरलो. या सबंध कामात सर्वांत मोलाची ठरली ती आशाताईंची वही. तिच्यातून जुलाबाचे रुग्ण असलेली घरे आम्ही हाताने काढलेल्या नकाशावर मांडली, तर बहुतेक घरे गळतीच्या पुढच्या नळांवरची निघाली. एरवी पत्रव्यवहारात महिने गेले असते. इथे अभियंत्यांनी तो नकाशा पाहून तिथेच जोड बदलण्याचे मान्य केले.

ग्रामसभा मात्र सोपी गेली नाही. टीसीएलमुळे पाण्याला वास येतो, चहा बिघडतो, ही महिलांची तक्रार होती आणि ती खरी होती, कारण जलसुरक्षक अंदाजाने मूठभर पावडर टाकत असे. मी टाकीच्या मापाने हिशोब मांडला: हजार लिटरला ५ ग्रॅम, पावडर आधी बादलीत कालवून वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचे. मग तीन नळांचे पाणी आणून ओटी चाचणी केली; पाण्यात क्लोरिन असेल तर या चाचणीत ते पिवळे होते. टाकीजवळच्या नळाचे पाणी पिवळे झाले. शेवटच्या आळीतले तसेच राहिले. त्या आळीतली एक आजी उठून म्हणाली, "म्हणजे आमच्यापर्यंत औषध पोचतच नाही?" त्यानंतर चर्चेचा रोखच बदलला.

ठरावाची भाषा ठरवताना मी एका गोष्टीसाठी आग्रही राहिलो. "पाणी शुद्ध ठेवावे" एवढेच लिहिले तर ते कोणावरच बंधनकारक होत नाही. म्हणून टीसीएल कोणत्या निधीतून आणि केव्हा घ्यायची, जलसुरक्षक रजेवर असताना क्लोरिन कोण टाकणार, शेवटच्या नळावरची ओटी चाचणी रोज कोण नोंदवणार आणि नमुना दूषित आल्यास ग्रामसेवकांनी त्याच दिवशी कोणाला कळवायचे, हे सगळे त्यात लिहून घेतले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ३० टक्के वाटा पिण्याच्या पाण्यासाठी बांधील असल्याने खर्चाची वाट होती, परंतु वर्षाचा विकास आराखडा आधीच मंजूर झाला होता. तो सुधारित करून घेण्यात विस्तार अधिकाऱ्यांनी जो पाठपुरावा केला, तो माझ्या अधिकारात कधीच बसला नसता.

ओटी चाचणीची नोंदवही आता अंगणवाडीत असते, कारण अंगणवाडी शेवटच्या आळीत आहे आणि सकाळी ठरलेल्या वेळी उघडते. जलसुरक्षकाचे थकलेले मानधनही मिळाले. ऑक्टोबरच्या सर्वेक्षणात गावाला पिवळे कार्ड आले. हिरव्यासाठी विहिरीचा कठडा व्हायला हवा. त्याचे अंदाजपत्रक तयार असून तांत्रिक मंजुरीसाठी गेले आहे, आणि एप्रिलच्या पाहणीला अभियंत्यांनी पुन्हा सोबत येण्याचे कबूल केले आहे.