सापडलं का औषध?

परवा तुम्हीही तेच विचारलंत. आधी "कशावर काम करता?", मग मी "काळ्या आजारावर, म्हणजे काला-आजार या परजीवीमुळे होणाऱ्या रोगावर, वनस्पतींमधून औषध शोधते" म्हटल्यावर कौतुकाने मान डोलावणं, आणि मग, "सापडलं का मग एखादं?" मीही ठरलेलं उत्तर दिलं. एक चांगलं मिळालं होतं, पण ते माणसाच्या पेशींनाही मारत होतं, म्हणून सोडून द्यावं लागलं. तुम्ही हळहळलात. विषय संपला.

हे उत्तर मी कित्येक वर्षं देतेय आणि ते खोटं आहे. "मिळालं होतं" एवढंच त्यात खरं आहे.

पण त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं बघते, कारण तो पाठोपाठ येतोच. निसर्गात सगळ्यावर औषध आहे, मग तुम्ही लोक केमिकल कशाला बनवता? याचा मला खरोखर कंटाळा आलाय. 1820 साली सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलेलं क्विनीन हे केमिकलच आहे. कुचल्याच्या बीमधलं स्ट्रिकनीन शंभर टक्के नैसर्गिक आहे, घेऊन बघा. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन झाडातून येतं, पण गंभीर मलेरियाच्या रुग्णाला शिरेतून देतात ते आर्टेसुनेट असतं, म्हणजे तोच रेणू प्रयोगशाळेत थोडा बदललेला. काळ्या आजारावर तोंडाने घ्यायचं पहिलं औषध मिल्टेफोसिन. त्याचा ना झाडाशी संबंध ना या आजाराशी, ते कर्करोगासाठी तयार केलं होतं. त्याच आजारावरचं अ‍ॅम्फोटेरिसिन मातीतल्या जिवाणूकडून आलं. आफ्रिकेतल्या, परजीवीमुळे होणाऱ्या झोपेच्या आजारावर पूर्वी मेलारसोप्रॉल नावाचं आर्सेनिकचं इंजेक्शन द्यायचे, त्याने शंभरातले पाचएक रुग्ण दगावत. आता फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या आहेत. हे संयुग 1980च्या दशकात एका कंपनीने सोडून दिलं होतं, जुनी कपाटं उपसताना ते पुन्हा हाती लागलं आणि 2018मध्ये त्याला हिरवा कंदील मिळाला. झाड, माती, कपाट, जिथे मिळेल तिथे आम्ही शोधतो. यात तत्त्वज्ञान काही नाही.

चिडले बहुतेक. असो.

तर त्या खोट्या उत्तराची सुरुवात एका पिशवीपासून. वाळलेली पानं, दोन किलोच्या आसपास. गोळा करणारा माणूस अनुभवी होता, पिशवीवर झाडाचं नाव लिहिलेलं होतं, आणि ते झाड मला माहीत होतं. सोबत हर्बेरियम शीट नव्हती. म्हणजे झाडाची एक फांदी, शक्यतो फुलाफळासकट, दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून, कुठून आणि कधी आणली ते लिहून ठेवलेला नमुना. नंतर कुणी "हे नक्की काय होतं?" विचारलं तर दाखवायला. मी गोळा करणाऱ्याला म्हटलं, पुढच्या खेपेला आणा. पानं किंचित ओलसर वाटली म्हणून ओव्हनमध्ये टाकली आणि घाईत काटा ऐंशीवर ठेवला.

मेथॅनॉलमध्ये अर्क काढला, त्याचे भाग पाडले, इथिल अ‍ॅसिटेटचा भाग परजीवीवर चालला. तो आणखी बारीक वेगळा करायला कॉलम लावला. त्यातून उतरलेल्या सातव्या भागाचा, म्हणजे फ्रॅक्शनचा, निकाल आला तेव्हा मी आकडा तीनदा वाचला. नुसत्या द्रवात पोहणारे काळ्या आजाराचे परजीवी मारणारे अर्क पैशाला पासरी मिळतात. हा परजीवी माणसाच्या शरीरात भक्षक पेशीच्या पोटात लपून बसतो, आणि तिथे जाऊन त्याला मारायचं, तेही घराला धक्का न लावता, हे खरं अवघड. सातव्याने ते केलं होतं. मात्रा मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही खाली. पेशींवर त्याच्या पन्नासपट मात्रा घातली, पेशी शाबूत. म्हणजे तुम्हाला सांगते त्याच्या बरोबर उलट.

चाचण्या करून उरले चार मिलिग्रॅम, आणि ते शुद्ध नव्हते. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या, पट्टीवर तीन स्पॉट दिसायचे. त्यातला एक अ‍ॅनिसाल्डिहाइड फवारून तापवलं की जांभळा व्हायचा. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआरमध्ये नुसती गर्दी. सगळ्यांचं एकच मत, आणखी पानं आणा.

दहा किलो आली. तीच वाट, तोच माणूस, तेच नाव, या वेळी शीटसकट. सातव्याच्या जागी तसलंच पिवळट फ्रॅक्शन आलं. पट्टीवर दोन स्पॉट. जांभळा नाही. अ‍ॅक्टिव्हिटी शून्य.

ऋतू बदलला असेल, म्हणून वर्षभर थांबून त्याच महिन्यातली पानं मागवली. शून्य. कोवळी पानं, जून पानं, साल, मूळ. शून्य. मग वनस्पतिशास्त्रातल्या एका सहकाऱ्याकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केला. "पहिल्या पिशवीची शीट?"

तो पुढे केलेला हात मला अजून दिसतो.

शीट नव्हती. पानं दळलेली, चोथा फेकलेला. पिशवी तेवढी होती, कारण चांगली कापडी होती म्हणून मी ठेवली होती. त्यांनी ती कागदावर उलटी करून झटकली. जो चुरा पडला तो चिमट्याने एकेक करून भिंगाखाली घेतला. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग मला बघायला लावलं. बहुतेक तुकडे आमच्याच झाडाचे होते. पण तीन-चार तुकडे वेगळे होते, शिरांची ठेवण निराळी, खालच्या बाजूला आखूड दाट लव, आणि देठाचा एक बारीक तुकडा पीळ पडलेला. "वेल आहे," ते म्हणाले. "तुमच्या झाडावर चढलेली. ओरबाडताना आली सोबत." कुठली? फूल नाही, फळ नाही, अख्खं पानसुद्धा नाही. त्यांनी दोन कुळांची नावं घेतली आणि दोन्ही मागे घेतली. डीएनए काढून बघितला, पण ऐंशी अंशांत भाजलेल्या पानात वाचता येण्याजोगं काही उरलं नव्हतं. तो माणूस आणि मी त्या झाडांपाशी परत गेलो. झाडं होती. त्यांच्यावर वेल नव्हती.

आता सगळ्यात लाजिरवाणं सांगते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी हे शिकवत होते. आर्टेमिसिनिनच्या शोधाची, छिंगहाओची गोष्ट मी दर वर्षी रंगवून सांगायची, की चिनी ग्रंथांतल्या त्या नावाखाली एकाहून जास्त वनस्पती येतात आणि आर्टेमिसिनिन सापडतं ते आर्टेमिसिया अ‍ॅन्युआमध्ये, तेही जागा बदलली की कमी-जास्त. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना चौथ्या शतकातल्या गं होंग या वैद्याच्या पुस्तकात ते पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेलं आढळलं, उकळायला नाही. उष्णतेने गुण जातो हे त्यांनी ओळखलं, कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि 1971मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतले मलेरियाचे सगळे परजीवी मारले. उष्णतेने गुण जातो! हे फळ्यावर लिहून मी खाली उतरायची आणि ओव्हनचा काटा ऐंशीवर ठेवायची. डचांनी जावात सिंकोनाची भलतीच जात वाढवली होती, तिच्यात क्विनीन नावापुरतं निघालं, यावर माझा वर्ग हसायचा. मीही हसायची.

आणि मलेशियातल्या सारावाकची गोष्ट. 1987मध्ये तिथल्या एका झाडाचा नमुना नेला, त्याच्या अर्काने एचआयव्हीला रोखलं, लोक आणखी माल घ्यायला परत गेले तर झाड तोडलेलं. पण त्यांच्याकडे नमुना होता, नाव होतं, कॅलोफायलम लॅनिजेरम. त्यामुळे नातेवाईक झाडांकडे जाता आलं. त्यांचं झाड गेलं तरी माग राहिला. माझी वेल कदाचित आजही कुठेतरी कशावर तरी चढत असेल आणि मी तिच्याखालून गेले तरी मला कळणार नाही.

तेव्हाच्या मला मी विचारते, एक शीट दाबायला किती वेळ लागतो? ती म्हणते, पाचशे अर्क तपासायचे होते, त्यातले चारशे नव्वद कचऱ्यात जाणार होते, प्रत्येकासाठी जंगलात थांबले असते तर शंभरही झाले नसते. तिचं अगदीच चूक नाही. मी म्हणते, ज्याचा माग काढता येत नाही तो अर्क तपासून तरी काय उपयोग? यावर ती गप्प बसते, पण पटल्यासारखी नाही.

मग विषारीपणाचं खोटं का? "औषध विषारी निघालं" म्हटलं की दोष रेणूचा होतो आणि लोक हळहळतात. "कशाचं होतं तेच माहीत नाही" म्हटलं तर दोष माझा. शिवाय (हा बचाव आहे, कळतंय मला) पुढे उंदरांत ते विषारी निघालंही असतं. बहुतेक तसंच होतं. किंवा तो जांभळा स्पॉट म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेला एखादा रेणू निघाला असता. हेही नेहमी होतं.

आमच्याकडे एक तरुण सहकारी आहे. ती म्हणते, आता चार मिलिग्रॅम म्हणजे चैन आहे. हल्लीच्या यंत्रांना त्याहून कितीतरी कमी पुरतं, तिन्ही स्पॉट वेगळे करता येतील, रचना कळेल, आणि रचना कळली की वेल कशाला हवी, आपण तो रेणू बनवूच. तिचं बरोबर आहे. केमिकल कशाला बनवता याचं इतकं नेमकं उत्तर मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. ती माझ्याकडे सातव्याची कुपी मागते. मी पुढच्या महिन्यात म्हणते. फेक्सिनिडाझोलही कपाटात पडूनच होतं ना, असं मी तिला एकदा म्हटलं. ती म्हणाली, हो, पण ते कुणीतरी बाहेर काढलं.

गेल्या आठवड्यात फ्रीजरमधला बर्फ काढायचा होता म्हणून सगळ्या कुप्या टेबलावर मांडल्या होत्या. सातवी उजेडात धरून बघितली. तळाला तपकिरी पापुद्रा, लेबलवरची शाई पुसट, फक्त "7" वाचता येतो. ती तरुण सहकारी बाजूला उभी होती. काही बोलली नाही. फ्रीजर थंड झाल्यावर मी कुपी परत आत ठेवली. या वेळी मात्र पुढच्या कप्प्यात.