इंजिन बदललं, आता गाडी छळते

"दादा, इंजिन बदलल्यापासून गाडी छळतेय. मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेलाय. सेकंडहँड मिळतोय, घेऊ का?"

गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एवढ्यात घेऊ नका. ईसीएम म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणारा कॉम्प्युटर. तो जातो, नाही असं नाही, पण क्वचित. इंजिन बदललेल्या गाडीत दुखणं बहुधा जुनं आणि नवं वायरिंग जिथे जोडलंय तिथे असतं. त्याहूनही जास्त वेळा ते अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जाण्याच्या वाटेत असतं.

आपल्याकडे नेहमी दिसणारी गाडी घ्या. जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी आणि तिच्यात बसवलेलं एस्टीमचं 1.3 एमपीएफआय इंजिन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं. नटबोल्टाचं काम फिटर झकास करतो. पण जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनावरच्या दट्ट्याने चालायचा, त्यामुळे टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपासाठी तिथे वायरच नसते. ईसीएम नव्हता, त्याचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नव्हता. मग सापडेल त्या वायरला नवी वायर पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम! बॉनेटखालच्या उष्णतेने त्या टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटते. पुढचं सांगायला नको.

आता अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे करंटच्या हिशोबाने बॉडीपासून ते तुटलेलंच असतं. बॅटरीचा मायनस इंजिनापर्यंत नेते ती एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी. इंजिन उतरवताना ती काढतात आणि घालताना विसरतात. नाहीतर ताज्या रंगावरच बोल्ट आवळतात, आणि रंगातून करंट जात नाही. मग लाइट लख्ख, हॉर्न दणदणीत, पण सेल्फ मारला की नुसतं 'टक्'. सेल्फला लागणारा करंट मिळेल त्या वाटेने परत जायला बघतो. कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी गिअरच्या लिंकेजमधून. सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागली, तर पुढे काही शोधत बसू नका, दोष अर्थिंगचाच.

इथे मल्टीमीटर ओहमवर लावून "कंटिन्युइटी येतेय की!" म्हणणारे खूप भेटतात. थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या टोपीत, तांब्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, कारण तो करंट सोडतो नावापुरता. सेल्फ मात्र दीडशे अँपिअर सहज ओढतो. जोडात 0.02 ओहम जरी अडलं, तरी 150 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच गेले. म्हणून मोजायचं ते लोड असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर. दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. हीच तपासणी प्लसच्या बाजूने सेल्फच्या बोल्टापर्यंत करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

दुसरी तक्रार माझ्या विशेष आवडीची. सेल्फ मारत राहिलं की इंजिन धरत नाही, चावी सोडली की त्या क्षणी धरतं. हा दोष इंजिनाचा नाही, चावीचा आहे. इग्निशन स्विचमध्ये काही वायरी अशा असतात की सेल्फ फिरताना त्यांचा करंट तोडला जातो, म्हणजे पंखा, रेडिओ वगैरे तेवढा वेळ बंद आणि सगळी ताकद सेल्फला. ईसीएमची लाइन कोणी अशा वायरला जोडली असेल, तर नेमका गरजेच्या वेळी तो उपाशी. 'ऑन' आणि 'स्टार्ट' दोन्हींत जिवंत राहणारी वायर शोधा, तिच्यावर फक्त रिलेची कॉइल चालवा आणि ईसीएमचा करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे रिलेने द्या. काही जुन्या गाड्यांत इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या वायरमध्ये रेझिस्टन्स असतो. तिच्यावर इंजिन चालू असताना 12 व्होल्ट मिळतच नाहीत, त्यामुळे तिच्या वाटेला जाऊ नका.

चार्जिंगचंही एक गमतीचं आहे. डॅशबोर्डच्या मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा शोभेचा नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. इंजिन बदलताना तो बल्ब जोडायचा राहिला, तर आयडलला चार्जिंगच होत नाही, जोरात रेस दिली की जागं होतं. दोन-तीन वॅटचा बल्ब अल्टरनेटरच्या 'एल' खुणेच्या वायरमध्ये घाला. बल्बशिवाय थेट 12 व्होल्ट देऊ नका, रेग्युलेटर जळेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत.

टेम्परेचरचा काटा वेडेपणा करत असेल, तर जुन्या मीटरला जुन्याच इंजिनाचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) लावा, बसत नसेल तर अडॅप्टर करून घ्या. जुन्या आणि नव्या सेंडरचा रेझिस्टन्स वेगळा असतो. बॅटरी रात्रीत उतरत असेल, तर मायनसच्या वायरीत अँपिअरमीटर घाला, 50 मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आणि हो, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. वायरिंगशी संबंध नाही, पण राहून जातं.

ईसीएमचं म्हणाल, तर चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. बल्ब ठीक असून दिवा लागत नसेल, तर बहुधा ईसीएमला करंट किंवा अर्थ मिळत नाहीये. चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुरगुरतो का, ऐका. मग सेल्फ मारत असताना ईसीएमच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मागून टोचून सप्लाय आणि अर्थ मोजा. दोन्ही नीट, सेन्सरचे सिग्नलही पोचतायत, आणि तरी स्पार्क नाही की इंजेक्टरचा टिकटिकाट नाही, मगच सेकंडहँड ईसीएमच्या मागे लागा. पार्ट नंबर तोच हवा. इमोबिलायझरवाल्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय चालू न होणाऱ्या गाडीतला निघाला, तर इमोबिलायझरचं युनिट आणि चावी सोबत मागून घ्या.