साठ तळ्यांच्या खोऱ्यात एकटीने

ऑगस्टच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात मी रे लेक्सची प्रदक्षिणा एकटीने पूर्ण केली. रोड्स एंड येथून निघून पुन्हा तेथेच परतणारी ही वाट सुमारे ६६ किलोमीटरची आहे आणि ग्लेन खिंडीत ती ३,६५१ मीटर उंची गाठते. तीन-चार दिवसांतही ती होते. मी पाच दिवस हाताशी ठेवले होते, कारण मला वाट सोडून पश्चिमेच्या धारेपलीकडचे सिक्स्टी लेक बेसिन, म्हणजे साठ तळ्यांचे खोरे, सावकाश पाहायचे होते.

सह्याद्रीत आम्ही नेहमी दहा-बारा जण असायचो. शिधा, भांडी, दोर सगळे वाटून घेतलेले असायचे. एकटीने जाताना तंबूपासून पाणी गाळण्याच्या यंत्रापर्यंत सारे आपल्याच पाठीवर येते आणि त्यात या भागात सक्तीचा असलेला अस्वलरोधक डबा सर्वांत अडचणीचा. जाड प्लास्टिकचा हा नळकांड्यासारखा डबा सॅकमध्ये कसाही ठेवला तरी पाठीला टोचतो. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यातच ठेवावी लागते, त्यामुळे मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, भडंग, टूथपेस्ट आणि उन्हाचे मलम पाच दिवस एकमेकांना खेटून होते. रोज संध्याकाळी नाण्याने खटके फिरवून झाकण उघडले, की आधी मेतकुटाचा वास यायचा आणि तंबूपासून दूर, एकटीने जेवताना त्या वासाचा मला फार आधार वाटायचा.

पहिले दोन दिवस पॅराडाइज व्हॅलीच्या झाडीतून चढण्यातच गेले. वुड्स क्रीक या ओढ्याकाठी वाट जॉन म्यूर ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेला मिळते आणि तेथेच एका वेळी एकानेच जावे अशी सूचना असलेला झुलता पूल आहे; तो ओलांडल्यावर झाडे विरळ होतात आणि डॉलर लेकपाशी आल्यावर फिन डोमचा सुळका समोर उभा राहतो. रे लेक्सच्या काठी मी दोन रात्री राहिले. तीन हजार मीटरच्या वर येथे शेकोटीला बंदी आहे. सूर्य कड्याआड गेल्यावर थंडी अशी पडते, की सगळे कपडे अंगावर चढवून झोपण्याच्या पिशवीत शिरण्यावाचून गत्यंतर नसते. मला मात्र तो संधिप्रकाश सोडवत नव्हता. तळ्याच्या कडेला, स्वच्छ पाण्यात, हातभर अंतरावर ट्राउट मासे संथपणे फिरत होते आणि मधूनच पृष्ठभागावर वर्तुळे उठत होती.

हे मासे मूळचे येथले नाहीत. हिमनद्यांनी कातळ कोरून ही तळी घडवली; खालच्या नद्यांतील माशांना धबधब्यांमुळे वर येता येत नव्हते, म्हणून सिएरा नेवाडा या येथल्या पर्वतरांगेतील उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मासे नव्हतेच. एकोणिसाव्या शतकापासून माणसांनी गळाच्या हौसेपोटी ते आणून सोडले, आधी खेचरांच्या पाठीवरून आणि पुढे विमानातून. त्याची किंमत पिवळ्या पायांच्या पहाडी बेडकाने मोजली. या बेडकाच्या पिल्लांना मोठे व्हायला एकाहून अधिक वर्षे लागतात. हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारे खोल पाणीच त्यांना जगवते आणि नेमक्या त्याच पाण्यात ट्राउट त्यांना खातात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी धार चढून साठ तळ्यांच्या खोऱ्यात उतरले. पुढे पायवाट पुसट होत जाते आणि मग एका तळ्यावरून दुसऱ्याकडे, घोटलेल्या पांढऱ्या कातळावरून, नकाशा हाती धरून आपणच आपला मार्ग काढायचा असतो. याच खोऱ्यात संशोधकांनी १९९० च्या दशकात काही तळ्यांतून जाळी लावून मासे काढले आणि बेडकांची संख्या झपाट्याने वाढल्याचे त्यांना आढळले. पुढे कायट्रिड बुरशीची साथ आली. बेडूक पाणी आणि क्षार कातडीवाटेच घेतो. ही बुरशी कातडीलाच धरते, शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडते आणि हृदय बंद पडते. २०१४ साली या पहाडी बेडकांची नोंद अमेरिकेच्या संघीय संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली.

एका लहान तळ्याच्या उथळ, उन्हाने कोमट झालेल्या कडेशी मी तासभर बसले. पाण्यात कीटकांच्या अळ्या दगडांना चिकटून होत्या आणि पाणनिवळ्या इकडून तिकडे सरकत होत्या. प्रत्येक तपकिरी डागापाशी मी थांबून पाहिले. प्रत्येक वेळी तो दगड निघाला. हा बेडूक पाण्याखालीच ओरडतो, त्यामुळे तो असता तरी कोकणातल्या पहिल्या पावसातल्यासारखा कल्लोळ कानी आला नसता, हे मला ठाऊक होते. तरीही मी कान देऊन बसले होते. इतक्या सुंदर जागी एवढी मोठी उणीव असू शकते आणि माहिती नसलेल्या माणसाला ती जाणवणारही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. दुपारी ढग भरून आले आणि उघड्या कातळावर विजेत सापडण्याआधी मी उठले.

चौथ्या दिवशी ग्लेन खिंडीत पोहोचले तेव्हा वारा इतका होता, की उभे राहून पाणी पिणेही जड जात होते. उत्तरेला रे लेक्स आणि फिन डोम स्वच्छ दिसत होते. साठ तळ्यांचे खोरे धारेआड गेले होते. मी आईला उपग्रह उपकरणावरून ‘खिंड पार केली, ठीक आहे’ एवढाच निरोप पाठवला आणि बब्स क्रीककडे उतरायला लागले. त्या रात्री डब्यात मेतकुटाचे दोन चमचे उरले होते. तेही भातावर घातले.