ओढ्यावरची सकाळ

कॅम्पिंगला आलोय, मासे धरायचा खरं तर बेतच नव्हता. रात्री पाऊस पडून गेला आणि सकाळी ओढा जरा गढूळ झालेला. म्हटलं, गळ टाकून तर बघू. पहिला तास काहीच नाही. मग मोठ्या दगडामागे, जिथे धार मंदावते, तिथे गांडूळ लावून गळ वरच्या अंगाने वाहत सोडला. प्रवाहाकडे तोंड करून मासे तिथेच खाण्याची वाट बघत असतात. दोरी थरथरली आणि थेट मनगटापर्यंत झटका! दुपारपर्यंत सात मिळाले. एकाच्या कल्ल्याजवळची सोनेरी झाक अजून डोळ्यांसमोर आहे. तीन लहान सोडून दिले, तेही हात ओले करूनच. कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. शेवटचा क्षणभर तळहातावर थांबला, मग शेपटी मारून गेला. उद्या पहाटे परत त्याच दगडापाशी.