नव्या ओळखीबरोबर सेव्हन सिस्टर्स: लंडनहून दिवसभराची पायपीट

लंडनमध्ये ऑफिसात किंवा युनिव्हर्सिटीत कुणाशी तरी सूर जुळतो, दोन-तीनदा कॉफी होते आणि मग एखाद्या शनिवारी दिवसभर कुठेतरी जाऊ या असं ठरतं. या पहिल्या बेतासाठी माझ्या मते सेव्हन सिस्टर्ससारखी जागा नाही. ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या या खडूच्या पांढऱ्या कड्यांवरून सीफर्डहून ईस्ट डीनपर्यंत चालत जायचं. चालताना गप्पा आपोआप रंगतात आणि मधेच दोघंही गप्प झाले तरी अवघडल्यासारखं होत नाही. शिवाय या वाटेवर मधेच सोडून परतायची सोय आहे. नव्या माणसाचा चालायचा वेग, त्याचे गुडघे, त्याची भूक यातलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ही सोय फार मोलाची.

तिकिटापासून सुरुवात करू. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ल्युइस आणि तिथे गाडी बदलून सीफर्ड, हा प्रवास साधारण दीड तासाचा. दोघांपैकी एकाकडे नेटवर्क रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, असेल तर त्याच्यासकट चार मोठ्या माणसांना भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते. बाकीच्यांकडे कार्ड असायची गरज नाही. टू टुगेदर नावाचं कार्डही आहे, पण त्यावर दोघांची नावं आणि फोटो लागतात. नुकत्याच झालेल्या ओळखीत ते कशाला? नेटवर्क कार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी दहानंतरच चालतं आणि तेव्हा किमान भाड्याची अटही असते. शनिवार-रविवारी हे दोन्ही नाही. रविवारी मात्र रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस सोडण्याचे प्रकार बरेच होतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. शनिवारच बरा.

परतीचं तिकीट सीफर्डचंच काढा. ईस्ट डीनहून 12 नंबरची बस पुन्हा सीफर्डला आणून सोडते. अंगात जोर उरला आणि पुढे ईस्टबोर्नपर्यंत चाललात, तर ईस्टबोर्न ते ल्युइस एवढंच एकेरी तिकीट वेगळं काढायचं. ल्युइसपासून पुढे सकाळचं परतीचं तिकीट कामाला येतं.

सीफर्डहून सुरुवात करायची ती वाऱ्यासाठी. इथे बहुतेक वेळा नैऋत्येचा वारा असतो, म्हणजे पूर्वेकडे चालताना तो पाठीवर येतो. उलट दिशेने आलात तर दिवसभर तोंडावर. गावाबाहेरचा चढ संपला की सीफर्ड हेड, होप गॅप आणि मग कोस्टगार्डची जुनी घरं लागतात. कड्यांचा कॅलेंडरवरचा फोटो मिळतो तो याच घरांजवळ, नदीच्या अलीकडून. वर चढल्यावर पायाखालचा कडा दिसत नाही, तेव्हा फोटोची हौस इथेच फेडून घ्या.

समोर कड्यांची रांग दिसते, पण मधे ककमियर नदी आहे आणि तिच्या मुखावर पूल नाही. आत एक्सीटच्या पुलापर्यंत जाऊन पलीकडच्या काठाने परत यावं लागतं. ओहोटीला काही जण पाण्यातून पार होतात. तसं करू नका, भरतीचा ओघ फसवा असतो. एक्सीटला स्वच्छतागृह आहे, पब आहे आणि 12 नंबरचा थांबाही. सोबती दमलेला दिसला तर ‘आज इथेच थांबू या’ असं आपणच म्हणावं. नवी ओळख असली की समोरचा स्वतःहून बोलत नाही.

तिथून बर्लिंग गॅपपर्यंत, म्हणजे या टेकड्या संपतात तिथपर्यंत, चढ-उतार, चढ-उतार. नाव सात बहिणींचं असलं तरी मोजल्या तर टेकड्या आठ भरतात. पहिली, हेवन ब्रो, सगळ्यात उंच, 77 मीटर. आकडा छोटा वाटतो, पण प्रत्येक उतारावर कमावलेली उंची जाते आणि गुडघे कुरकुरायला लागतात. सावली कुठेच नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि विंडचीटर घ्याच. पाऊस पडून गेला असेल तर ओला खडू साबणासारखा निसरडा होतो, तेव्हा खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत.

सह्याद्रीत भटकलेल्यांना कड्याच्या टोकाशी बसायची सवय असते. ती इथे जिवावर बेतू शकते. आपला बेसॉल्ट थिजलेला लाव्हा. हा कडा म्हणजे समुद्रतळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा खडू, मधूनमधून चकमकीच्या दगडाचे काळे थर. लाटा खालून पोखरतात, आणि वरची हिरवळ अधांतरी राहिली तरी उभं राहणाऱ्याला ते कळत नाही. मग एक दिवस अख्खा तुकडा कोसळतो. बर्लिंग गॅपच्या पुढच्या टेकडीवर बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह दिसतं. कडा पार जवळ आला म्हणून 1999 साली ती अख्खी इमारत 17 मीटर मागे सरकवली. कडेपासून निदान पाच मीटर लांब राहा, आणि खाली वाळू-गोट्यांवर उतरलात तर कड्याला टेकून बसू नका.

डब्याबद्दल थोडं सविस्तर. आपल्या मराठी खाण्यात शेंगदाण्याचं कूट कुठे नसतं? कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, ठेच्यातसुद्धा. शेंगदाण्याची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते, म्हणून ‘तुला काही चालत नाही का?’ हा प्रश्न आदल्या दिवशीच विचारा. चवीपुरतं कूट पुसून काढता येत नाही, आणि ज्या मिक्सरमध्ये कूट केलं त्याच भांड्यात वाटलेली चटणीही नको. सोबती वीगन असेल तर धपाट्यातलं दही आणि पोळीचं तूप वगळा. कोरडी बटाट्याची भाजी तेलाच्या पोळीत गुंडाळून कागदात बांधली की बहुतेकांना चालते, आणि वाऱ्यात एका हाताने खाता येते.

बर्लिंग गॅपहून ईस्ट डीन अर्ध्या तासावर. एकूण चाल साधारण 14 किलोमीटर, थांबे धरून पाच तास; ईस्टबोर्नपर्यंत गेलात तर 22. ईस्ट डीनच्या हिरवळीकाठी टायगर इन नावाचा पब आहे. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची, आणि पहिला राउंड, म्हणजे दोघांचीही पेयं, सोबत्याने घेतला तर दुसरा आपण. दारू घेत नसाल तर लेमोनेड मागवा, पण राउंड चुकवू नका. इथे ते लगेच लक्षात येतं. थांबा जवळच, मुख्य रस्त्यावर आहे. बसमध्ये प्रत्येकाने आपापलं बँकेचं कार्ड टेकवायचं, आणि निघण्याआधी सीफर्डहून सुटणारी पुढची गाडी केव्हा आहे ते बघून त्या हिशेबाने बस पकडायची.